रुग्णवाहिकेंतील विद्या

वांगणी व नेरळ यांमधील शेलू येथें भाताच्या खाचरांत कोणास सर्पदंश झाला, कीं १०८ क्रमांकाची गाडी बोलवावयाची. महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ सालीं सुरू झाली. गाडींत डॉक्टर असतो. पण प्रतिविष मिळावयाचें तें रुग्णालयांत. मग वाटेंत त्याची कोणती विद्या कामास येते? दंश झालेला पाय फळीला बांधून निश्चल ठेवणें आणि पाहात राहणें! नाग वा मण्यार यांच्या विषानें प्रथम पापण्या मिटूं लागतात, मागाहून श्वास खुंटतो. म्हणून नजर पापण्यांवर हवी. दोरी आवळण्यापासून व जखम चिरण्यापासून घरच्यांना परावृत्त करणें हेंही त्याचेंच काम, आणि तेंच अधिक अवघड. श्वास थांबलाच, तर रबरी पिशवी दाबून रुग्णालयाच्या दारापर्यंत हवा देत राहावयाचें.