देव हाये, तर हे कसं?



२०२० च्या ऑगस्टात वैनगंगा चढली. रोवणा झालेल्या बांध्या पाण्याखाली गेल्या. तेव्हा कारध्यात एका पोराने विचारलं, "देव हाये, तर हे कसं?" आम्ही त्याला गप्प बसवलं. ती आमची चूक झाली.

प्रश्न जुनाच आहे. उदयनाचार्य म्हणत, मडकं आहे तर कुंभार असलाच पाहिजे. मग जगाला कर्ता नको काय? चार्वाक म्हणत, कुंभार डोळ्यांनी दिसतो; तुमचा कर्ता कोणी पाहिला? दुःख हे कर्माचं फळ, असं शास्त्री सांगतात. पण ज्याचं घर पडलं त्याच्या दारात उभं राहून हे सांगायला आमची जीभ रेटत नाही.

गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न विचारत, आणि पंढरपुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही बांधत. प्रश्नाने त्यांची सेवा अडली नाही.

तर्काने देव सिद्ध होत नाही, मोडतही नाही, असे आम्हांस वाटते. पूर ओसरला तेव्हा चिखल उपसायला त्या पोराने आमच्याआधी फावडं उचललं होतं. यंदा त्याला वारीला बोलावलंय. म्हटलं, प्रश्न घेऊनच ये बापू.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!