मुकादमालाही शिकवायला हवं

वाटूरकडचा एखादा तरुण जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागतो. हात बसला की तो सुपरवायझर होतो. हुकूम सोडायला तर लगेच जमतं! माणसांना काम शिकवायचं कसं, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं अशा मुकादमांसाठी दहा तासांचे वर्ग काढले. पुढे जपाननं ते उचलले. त्यातला पाठ साधा: आधी नवख्याची भीती घालवा. मग टप्प्याटप्प्यानं करून दाखवा. त्याच्याकडून करवून घ्या, आणि करताना कारणही त्यालाच सांगायला लावा. नंतर अधूनमधून पाहत राहा. तापलेल्या सळईजवळ तिसरी पायरी सर्वांत गरजेची. घाईत नेमकी तीच गाळली जाते.