पलटणीची वही



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले की, माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, बहुधा रद्दीतून उचललेल्या पुस्तकांवर. तेव्हा विद्वत्तेचे व्याख्यान माझ्याकडून व्हायचे नाही. ते म्हणाले, "तुम्ही जे पाहिले आहे तेवढे सांगा." तेवढेच आज सांगणार आहे. विषय आहे म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांच्या भेटीगाठींचा.

मी राहतो खडकवासल्याला. रविवारी सायंकाळी आपण पुणेकर मंडळी धरणाच्या कडेला भजी आणि भाजलेली कणसे खायला येता, त्या गावचा मी. पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे रीतसर उद्घाटन झाले. तिथल्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. हे नाव कसे पडले ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत आपल्या शिपायांनी रक्त सांडले. त्याची आठवण म्हणून सुदानने १९४१ साली एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार पौंड आपल्या वाट्याला आले, ते या इमारतीला लागले. म्हणजे दूरच्या एका देशाने आपल्या शिपायांची आठवण ठेवली, तिच्यावर ही वास्तू उभी आहे. आपण स्वतः किती आठवण ठेवतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

या प्रबोधिनीत मुले तीन वर्षे एकत्र राहतात. दीक्षान्त संचलनाच्या शेवटी 'अंतिम पग' नावाची पायरी ओलांडून बाहेर पडतात आणि कोणी भूदलात, कोणी नौदलात, कोणी हवाई दलात जातो. परंतु त्यांचा कोर्स सुटत नाही. दोन निवृत्त अधिकारी प्रथमच भेटले, तर एकमेकांना गाव किंवा जात विचारण्यापूर्वी विचारतात, "तुमचा कोर्स कितवा?" पन्नास वर्षे झाली की कोर्सचे उरलेले लोक पुन्हा खडकवासल्याला जमतात. अशा एका मेळाव्याहून परतणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या नाक्यावर चहाला थांबले होते. मी विचारले, "साहेब, एवढ्या लांबून येऊन काय करता?" ते म्हणाले, "यादी तपासतो." त्यांच्या कोर्सची यादी एकाने सांभाळायची असते. कोणी वारला की सायंकाळपर्यंत त्या शहरातला कोणीतरी त्याच्या पत्नीच्या दारात उभा राहतो. ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी या प्रबोधिनीतून बाहेर पडली. आता त्यांचीही नावे अशाच यादीत राहतील.

ही अधिकाऱ्यांची गोष्ट झाली. त्यांच्याजवळ शिक्षण असते, टेलिफोन असतो, पत्रव्यवहाराची सवय असते. साध्या शिपायाचे तसे नाही. २०२२ सालापर्यंतच्या पद्धतीने तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होई, पंधरा-सतरा वर्षे नोकरी करी आणि पस्तिशीच्या आसपास घरी येई. कोणी शेतीकडे वळतो, कोणी कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून उभा राहतो. आमच्या युनियनमध्ये असे कितीतरी आले. सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ सालचा कायदा आहे, पण तो कायदा आपल्याला लागू होतो हे ज्यांना समजावून सांगावे लागले, त्यांत सीमेवर बारा-बारा तास पहारा केलेली माणसे होती.

माझे वडील त्यांच्यापैकीच एक. १९६६ साली ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, बेळगावला रंगरूट म्हणून तयार झाले आणि पुढे जंगी पलटणीत गेले. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण पूर्व बंगालात जमालपूरला लढली. शरण येण्याबद्दल आपल्या बाजूने पत्र गेले, तेव्हा शत्रूच्या सेनानीने उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी पाठवली, ही हकीकत पुस्तकांतून आली आहे. मी ती पुस्तकातच वाचली. वडिलांनी घरात लढाईबद्दल अवाक्षर काढले नाही.

ते बोलायचे वर्षातून एकदाच, ४ फेब्रुवारीला. १६७० साली त्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, म्हणून हा मराठा रेजिमेंटचा दिन. सिंहगड तर आमच्या डोक्यावरच. त्या दिवशी पलटणीतले आठ-दहा जण एस.टी.ने आमच्याकडे यायचे, पायी गड चढायचे, तानाजीच्या समाधीपुढे उभे राहून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणायचे आणि रात्री आमच्या ओटीवर पिठलेभाकरी खाऊन झोपायचे. आई स्वयंपाकघराच्या दाराआड बसून ऐके. ती मला म्हणाली होती, "तुझ्या बापाला मी वर्षातून एकदा ओळखते."

ते काय बोलत? शौर्याच्या कथा फारशा नसत. कोणाचे बूट चिखलात राहिले, शेवटचे शकरपारे कोणी कोणाला दिले, रात्री कोण कण्हत होता आणि पहाटे कोण गप्प झाला, असे ते बोलणे. बाहेरच्याला त्यात गोडी वाटणार नाही. परंतु ज्या माणसाने असा प्रसंग पाहिला आहे, त्याला तो समजावून न सांगता ज्याच्याशी बोलता येईल असे दुसरे माणूस जगात फार थोडे असते. अशी माणसे दर वर्षी एकेक कमी होत जातात. म्हातारपणी शिपायाला भासणारी वाण पैशाची असते, तशीच ही या माणसांचीही असते.

आता मी माझ्या चुकीकडे येतो.

वडील २००९ साली गेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही निघाली. तिच्यात पलटणीतल्या चौदा जणांची नावे, शिपाई क्रमांक, पत्ता, जवळचा एस.टी. थांबा आणि प्रत्येकाच्या खाली बायकोचे नाव होते. कोणी वारला तर वडील नाव खोडत नसत. बाजूला तारीख लिहीत आणि खालचे बायकोचे नाव अधोरेखित करीत. मी ती वही पाहिली, कपाळाला लावली आणि परत ट्रंकेत ठेवली.

२०११ च्या जानेवारीत पाटण तालुक्यातून एक कार्ड आले. मजकूर दोनच ओळींचा होता: वडिलांचे एक जोडीदार आजारी आहेत, ४ फेब्रुवारीला यंदा कोणी जमणार आहे का ते विचारीत आहेत. तेव्हा आमच्या एका कारखान्यात वाटाघाटी चालल्या होत्या. मी कार्ड खिशात घातले आणि उत्तर दिले नाही. शेकडो कामगारांचा प्रश्न माझ्यापुढे होता. एका म्हाताऱ्याच्या कार्डाला सवडीने उत्तर देऊ, असे मी मनाशी म्हटले. ती सवड आली नाही.

२०१४ साली युनियनच्या कामाने कराडकडे गेलो असता वाट वाकडी करून त्या गावी गेलो. ते गृहस्थ २०११ च्या पावसाळ्यातच वारले होते. त्यांची पत्नी दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जात होती. कुटुंब निवृत्तिवेतनाचे काय, असे मी विचारले. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. पलटणीच्या कागदावर तिचे सासरचे नाव होते आणि गावच्या कागदांवर माहेरचे. दोन्ही बायका एकच, हे तिने सिद्ध करायचे होते. तीन वेळा कागद परत आल्यावर एस.टी.चे भाडे परवडेना, म्हणून तिने नाद सोडला.

मंडळी, माझ्या वडिलांच्या वहीत तिची दोन्ही नावे लिहिलेली होती. कंसात 'माहेरचे' असे लिहून. ती वही तीन वर्षे माझ्या घरी ट्रंकेत पडली होती.

पुढचे काम सरळ होते. वहीवरून हयात असलेले दोघे जोडीदार शोधले, त्यांनी प्रतिज्ञापत्रे केली. त्यांच्यातल्या एका निवृत्त सुभेदारांना कोणत्या कचेरीला काय लिहायचे हे ठाऊक होते. आठ महिन्यांत निवृत्तिवेतन सुरू झाले, थकबाकीही मिळाली. मी तिची क्षमा मागायला गेलो. ती म्हणाली, "लेकरा, पैशाचं राहू दे. त्ये शेवटपातुर पोस्टमनची वाट बघत हुते." याला थकबाकी नसते.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे, आणि ते युनियनच्या अनुभवाशी जुळते. आमच्याकडे मोर्चाला किती आले याची बातमी होते, पण संघटना जगते ती सभासदांच्या वहीवर. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप मोडला आणि माणसे गावोगाव पांगली. पुढे २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, तेव्हा आपण गिरणीत होतो हे दाखवायला एखादा जुना कागद, एखादा जुना सोबती ज्याला सापडला, त्याचे काम सोपे झाले. ज्याचा सर्वांशी संबंध तुटला होता, त्याच्या मुलाबाळांनी हेलपाटे घातले. सैनिकाची गोष्ट निराळी नाही.

म्हणून सैनिकांच्या मेळाव्याला गेलो की मी व्यासपीठाकडे पाहत नाही. व्यासपीठावर पुष्कळदा पुढारी असतात, शाली असतात, नारळ असतात. शिपाई समोरच्या खुर्च्यांवर असतात. मी विचारतो, "गैरहजर कोण?" फौजेत पहाटेच्या हजेरीत हाच प्रश्न महत्त्वाचा असतो. जो आला त्याचे पाय चालतात, त्याच्याजवळ भाड्याचे पैसे आहेत. मेळावा भरवायचा तो जो आला नाही त्याच्यासाठी.

काही जण मला म्हणतात, सगळ्याच सैनिकांना भेटायची हौस नसते. हे खरे आहे. कित्येकांना ते दिवस आठवायचेच नसतात. काहींच्या मनात हुद्द्यांची अढी असते. साहेब आत आले की ऐंशी वर्षांचा हवालदार आजही गुडघे धरून उठतो, हे मी पाहिले आहे. ज्याला यायचे नाही त्याला ओढून आणू नये. पण येणे निराळे आणि वहीत असणे निराळे. न येणाऱ्याचा पत्ताही वहीत असावा, आणि त्याच्या पत्नीचे नावही, दोन्ही नावे.

आता आपण नागरिकांनी यात काय करायचे? आपले देणे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या आदल्या रात्री पावसात, अंधारात जवान त्या धरणावर वाळूची पोती रचीत होते. धरण रात्री न फुटता सकाळी फुटले, म्हणून पुण्यातली असंख्य माणसे वाचली. त्या जवानांपैकी एकाचे तरी नाव या सभागृहात कोणाला सांगता येईल? मलाही येत नाही. मेलेल्यांची नावे आपण दगडावर कोरतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. पुण्यातही १९९८ साली लोकवर्गणीतून युद्धस्मारक उभे राहिले. हे योग्यच झाले. पण जिवंत आहेत त्यांची यादी दगडावर करता येत नाही. ती वहीत करावी लागते आणि दर वर्षी नवी करावी लागते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत एक वही असावी आणि ती दोघांना ठाऊक असावी. एकट्याकडे ठेवाल तर ती माझ्यासारखी ट्रंकेत जाईल. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता निवृत्तिवेतन 'स्पर्श' नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून मिळते आणि दाखलाही मोबाइलवरून देता येतो, पण थरथरत्या बोटांना ते जमत नाही. तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्या महिन्यात दोन घरी पाठवा. दुसरे असे की, १४ जानेवारी हा आता माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळतात. १९५३ साली त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले. आपल्याकडे तर बहुधा तीच संक्रांत. तिळगूळ घेऊन कोणाकडे तरी जायचेच असते. त्या दिवशी एखाद्या म्हाताऱ्या शिपायाकडे, नाहीतर त्याच्या विधवेकडे जा. तिला तिळगूळ द्यायला अजूनही पुष्कळांचे हात मागे सरतात, हे मी मुद्दाम सांगतो.

वडिलांची वही आता माझ्या टेबलावर असते. चौदांपैकी अकरा नावांपुढे तारखा पडल्या आहेत. तिघे हयात आहेत, आणि सात जणी. म्हणजे अजून दहा घरे आहेत. गेल्या ४ फेब्रुवारीला आम्ही गाडी करून तिघांना गडावर नेले. एकाला आता कमी ऐकू येते. त्याने विचारले, "हजेरी घेतली का?" मी वही उघडून चौदाही नावे मोठ्याने वाचली. प्रत्येक नावाला तिघांपैकी कोणीतरी "हजर" म्हणाले.

सभा संपल्यावर आपण घरी जाल. सोसायटीच्या दारात, बँकेच्या पायरीवर, कारखान्याच्या फाटकावर एखादा उतारवयाचा रखवालदार ताठ उभा असेल. रोज आपण त्याच्यासमोरून जातो. आज थांबा आणि विचारा, "काका, तुमची पलटण कोणती?" मग तुमचा पत्ता त्यांना द्या आणि त्यांचा घ्या. वहीचे पहिले पान तेवढ्याने सुरू होते.