खलाशाचे कागद घरी ठेवा

आम्ही डहाणूकडच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. मासळी म्हटलं की तुम्हाला आमचे सुके बोंबील आठवतील, पण आज आमच्या माणसांविषयी बोलायचं आहे.

पावसाळी बंदी उठायच्या सुमारास आमच्या पाड्यांवरचे पुरुष उचल घेऊन गुजरातला जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून. बोट शेठची, मासळीही शेठची. माकूल परदेशी जातं. घोळ माशाच्या पोटातल्या बोताला तर तिकडे एवढा भाव, की मासळीमागे बोट कुठवर गेली याचं भान राहत नाही. पुढे पाकिस्तानचं पाणी.

"मग रेघ दिसत नाही का?" आम्हीही असंच विचारलं होतं. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटरची खाडी आहे. तिची हद्द दोन्ही देशांत आजवर ठरलेली नाही, म्हणून पुढची समुद्रातली हद्दही अडकलेली. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत मासळीचा हक्क त्या त्या देशाचा, हा जगाचा कायदा. पण देश शेजारी असले की मधली रेघ दोघांनी बसून ठरवायची असते. ते बसत नाहीत, आणि पकडला जातो खलाशी.

आमच्यातल्या एकीचा नवरा असाच पकडला गेला. बोट जप्त, तो कराचीच्या मलीर तुरुंगात. आम्हाला वाटलं, शिक्षा संपली की येईल. तसं नसतं. २००८ साली दोन्ही सरकारांनी करार केला. शिक्षा पूर्ण झाली आणि माणूस कुठल्या देशाचा याची खात्री पटली, की एका महिन्यात सोडायचं. शिवाय दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या. याद्या भांडणाच्या वर्षीही जातात. महिन्याची अट मात्र कागदावर राहते, संबंध बरे असले की माणसं सुटतात.

त्यात आमचीही चूक झाली. त्याचं आधार, खलाशाचं कार्ड, सगळं बोटीबरोबर गेलं. घरी एक झेरॉक्स नाही. चौकशी आली तेव्हा रेशन कार्डावर त्याचं हाकेचं नाव निघालं! त्या नावापायी तिने किती हेलपाटे घातले, ते आम्ही पाहिलंय. सात महिने तिचा हप्ता गटाने भरला. त्यावरून आमच्यात भांडणंही झाली, खोटं कशाला सांगायचं.

यादीत त्याचं नाव आहे, एवढं कळलंय. तो अजून आलेला नाही.

आता गटाच्या कपाटात एक फाईल आहे. जाणाऱ्या प्रत्येकाच्या कागदांच्या झेरॉक्स, फोटो, बोटीचा नंबर, शेठचा आणि तांडेलाचा फोन. आधारावरचं आणि रेशन कार्डावरचं नाव एकच आहे का, तेही बघतो. तुमच्या घरातून कुणी निघत असेल तर उचल हातात पडेल त्याच दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जा.