चित्रांतील भीमराव आणि आपली मुले



आपल्यापैकी अनेकांच्या घरांत धम्मदीक्षेनंतरची ही पहिलीच काही वर्षे आहेत. देव्हारा उतरला आणि त्या जागी भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा आल्या. परंतु देव गेले म्हणून मुलांची गोष्टींची भूक गेली नाही. पूर्वी आजी ज्या अद्भुत कथा सांगत असे, त्यांच्या जागी आता काय सांगावे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. त्यासाठी आज मी एक चित्रकथा आपल्यापुढे ठेवणार आहे. तिचे नाव ‘भीमायन’.

दिल्लीच्या ‘नवयान’ या संस्थेने 2011 साली हे पुस्तक मूळ इंग्रजीत प्रसिद्ध केले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्यप्रदेशातील परधान गोंड दांपत्याने त्याची चित्रे काढली. बाबासाहेबांनी सोसलेल्या अस्पृश्यतेचे प्रसंग त्यांत पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत येतात. या चित्रांत माणसे, प्राणी, झाडे आणि पाणी एकमेकांत मिसळतात. सौम्य माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, तर जातीच्या अहंकाराने बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, म्हणून चित्रकारांनी नेहमीच्या चौकटीही नाकारल्या.

अशी चित्रे पाहणाऱ्यांची मते सारखी नसतात. एक पक्ष म्हणतो, ‘बाबासाहेब हे इतिहासपुरुष आहेत. त्यांच्याभोवती अद्भुत प्राणी कशाला? आणि हे नावही रामायणाच्या वळणाचे! आज चित्रकथा, उद्या पोथी, परवा आरती.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘करमणुकीत समतेचा उपदेश नको. मुलांना गोष्ट द्या, प्रचार देऊ नका.’ तिसरे मत आईबापांचे आहे आणि ते मायेतून आलेले आहे: ‘आम्ही जे भोगले ते मुलांच्या डोळ्यांपुढे कशाला आणावे?’

पहिला आक्षेप मी हलका मानीत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत देवाच्या अवताराला स्पष्ट नकार आहे. ज्यांनी ती प्रतिज्ञा घेतली त्यांनी भीमरावांनाच अवतार करून बसविणे हा प्रतिज्ञाभंग होय. परंतु चित्र अद्भुत असले म्हणजे कथा पुराण होते काय? याचे उत्तर आपल्याच खानदेशातील एका प्रसंगात सापडेल. तो या पुस्तकातही आहे.

सन 1929. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावी सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना रात्री मुक्कामास ठेवून घेतले होते. वस्ती स्थानकापासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. स्थानकावर टांगे पुष्कळ होते, परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्यांना पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने घ्यायचा, पण हाकणारा आपला माणूस, अशी तडजोड झाली. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील मोरीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

आता ही गोष्ट मुलाला दोन रीतींनी सांगता येते. ‘एवढ्या अपघातातून बाबासाहेब वाचले, केवढा चमत्कार!’ ही पहिली रीत. ती ऐकून मूल हात जोडील आणि झोपी जाईल. ‘टांगेवाल्याने नकार का दिला?’ ही दुसरी रीत. ती ऐकून मूल उठून बसेल. पहिली रीत पुराणाची आहे. दुसरी धम्माची आहे, कारण दुःख आहे तर त्याला कारण आहे, आणि ते कारण शोधता व दूर करता येते, हेच तथागतांनी शिकविले.

बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हा प्रसंग दुसऱ्याच रीतीने सांगितला आहे. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षाही टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, हे त्यांनी दाखविले. आपल्या माणसांनी आपला मान राखण्यासाठी आपलाच जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी लपविले नाही. ज्याला अवतार व्हायचे असते तो आपल्या पडण्याची हकीकत अशी लिहून ठेवीत नाही.

दुसऱ्या पक्षाला मी एवढेच विचारीन की, जुन्या कथा प्रचारापासून मुक्त होत्या काय? कोणी कोणाच्या पायांशी बसावे हे त्या कथांनीच आपल्या पूर्वजांच्या मनावर बिंबविले. आपल्या जलसाकारांनी हे ओळखले होते. नाशिककडील भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातील गण-गवळण बदलली आणि गावोगाव समतेचा विचार नेला. साचा जुना होता, आशय नवा होता. त्या न्यायाने ‘भीमायन’ हे नावही त्यातील आशयावरून पारखावे.

आणि मातांनो, आपली माया मला समजते. परंतु आपण सांगितले नाही म्हणून जग मुलाला सांगायचे थांबत नाही. शाळेत एखाद्याने आडनाव विचारून तोंड फिरविले, तर कारण ठाऊक नसलेले मूल दोष स्वतःकडे घेते. कारण ठाऊक असलेले मूल ताठ मानेने घरी येते.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या 1937 सालच्या वास्तव्याच्या स्मरणार्थ दरवर्षी 31 जुलैला आपली माणसे जमतात. तेथे मुलांना अवश्य न्या. पण केवळ नमस्कार करवून परत आणू नका. बाबासाहेब येथे कोणत्या कामासाठी आले होते, ते विचारायला शिकवा. घरी चित्रकथा दाखवा आणि शेवटचे पान उलटल्यावर एकच प्रश्न करा: ‘असे का झाले?’ ज्या घरात हा प्रश्न रोज विचारला जाईल, त्या घरात रिकाम्या झालेल्या देव्हाऱ्यात नवा देव येऊन बसण्याची भीती उरणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!