दान्या: बोलत बोलत बुलेट खेळणारा ग्रँडमास्टर

लोकलमध्ये एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बुलेट खेळणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. विषय आहे डॅनियल नरोदित्स्की. ऑनलाइन बुद्धिबळात सगळे त्याला दान्या म्हणायचे. 'म्हणायचे' असं म्हणावं लागतंय, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये तो गेला. वय फक्त २९.

त्याच्या जाण्यावर खूप बोललं गेलं. त्याच्या खेळावर त्या मानाने कमी. म्हणून आज खेळच घेऊया.

आधी पटकन ओळख. कॅलिफोर्नियात वाढलेला मुलगा, २००७ मध्ये १२ वर्षांखालचा विश्वविजेता. चौदाव्या वर्षी पोझिशनल खेळावर पुस्तक छापून आलं. सतराव्या वर्षी ग्रँडमास्टर. मग स्टॅनफर्डमधून इतिहासाची पदवी. हो, इतिहास. आपल्याकडे कुणी हे घरी सांगून दाखवावं!

आता मुद्द्याचं. बुलेट म्हणजे दोघांना मिळून दोन मिनिटं. आपल्याला वाटतं हा बोटांचा खेळ आहे, ज्याचा माऊस फास्ट तो जिंकला. दान्याचा माऊस फास्ट होताच, पण त्याची खरी ताकद एंडगेममध्ये होती. दुसरं पुस्तकही त्याने एंडगेमवरच लिहिलं. आता तुम्ही म्हणाल, एका मिनिटाच्या डावात एंडगेमचं काय काम? तर तिथेच काम असतं. घड्याळात पाच सेकंद उरलेत, पटावर प्रत्येकी एक हत्ती आणि समोरच्याचं एक प्यादं जास्त. आपण घाबरून शह देत सुटतो. ज्याला फिलिडोर पोझिशन पाठ आहे, तो आपला हत्ती स्वतःच्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवून शांत बसतो, समोरच्या राजाला पुढे येऊच देत नाही. प्यादं त्या ओळीत आलं की मग हत्ती पार दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह द्यायचे. डाव बरोबरीत. यात विचार करायला वेळ लागत नाही, कारण विचार आधीच करून ठेवलेला असतो. आम्ही डेव्हलपर लोक एकदा काढलेलं उत्तर मेमरीत ठेवतो आणि पुन्हा तोच प्रश्न आला की तिथूनच उचलतो, अगदी तसं. बाकीचे त्या पाच सेकंदांत गणित करतात, हा आठवतो.

ओपनिंगमध्येही हेच डोकं. तो ज्या ओपनिंग पुन्हा पुन्हा शिकवायचा, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या आहेत. काळ्याकडून कॅरो-कान: समोरून ई४, आपण सी६, त्याचं डी४, आपलं डी५. भपका नाही. पण पांढऱ्याने प्यादं ई५ ला ढकललं, की आपला उंट एफ५ वर बाहेर काढता येतो आणि मग ई६ खेळून दार लावायचं. फ्रेंच डिफेन्समध्ये हाच उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडून राहतो. एवढं एक वाक्य कळलं तरी पहिल्या पाच-सहा चाली घोकाव्या लागत नाहीत.

दुसरी, पांढऱ्याकडून सिसिलियनला अलापिन, म्हणजे दुसऱ्याच चालीला सी३. पुढे डी४ खेळून मधलं घर घ्यायचं, इतकं साधं. यात एक गंमत आहे. सी३ वर प्यादं गेलं की घोड्याची आवडती जागा अडते. त्यामुळे काळ्याने डी५ खेळून तिथली मारामारी झाल्यावर त्याचा वजीर मधोमध येऊन बसतो आणि आपला घोडा त्याला पटकन हुसकावू शकत नाही. ही किंमत आहे. बदल्यात नायडॉर्फ, ड्रॅगन वगैरेंची जाडजूड थिअरी एका फटक्यात टळते. ऑफिस सांभाळून खेळणाऱ्याला हा सौदा परवडतो, असं माझं मत.

पण दान्याला इतरांपासून वेगळं करणारी गोष्ट होती त्याचं बोलणं. त्याची 'स्पीडरन' मालिका बघा. नवीन अकाउंट काढून खालच्या रेटिंगपासून वर चढत जायचं, आणि डाव चालू असताना डोक्यातलं सगळं मोठ्याने सांगायचं. समोरच्याला काय हवंय, ही चाल का नको, ती का बरी. कधी तो सरळ सांगायचा की इंजिनला दुसरी चाल आवडेल, पण माणसाला खेळायला ही सोपी. डाव संपला की पुन्हा पहिल्यापासून उजळणी. साडेसहाशे रेटिंगवाल्याची चूकसुद्धा तो चेष्टेवारी न्यायचा नाही.

आणि अशा माणसावर संशय घेतला गेला. ऑक्टोबर २०२४ पासून माजी विश्वविजेता व्लादिमिर क्रॅमनिक त्याच्या ऑनलाइन खेळाबद्दल जाहीरपणे शंका घेत राहिला. ठोस पुरावा कधी समोर आला नाही. दान्याने आरोप नाकारले, पण नाकारून भागत नाही ना. कोडमध्ये बग आहे हे एका टेस्टने दाखवता येतं, बग नाहीच हे हजार टेस्टनी सिद्ध होत नाही. ऑनलाइन खेळाडूची अडचण नेमकी हीच आहे. शेवटच्या स्ट्रीममध्येही तो यावर बोलला: आपण चांगलं खेळलो की लोक वाईटच अर्थ काढतात, अशा आशयाचं.

माझ्यापुरतं म्हणाल तर उत्तर त्याच्या शेकडो तासांच्या आवाजात आहे. इंजिन चाल देतं, कारण देत नाही. हा माणूस आधी कारण सांगायचा आणि मग चाल खेळायचा, तेही घड्याळ पळत असताना.

ऐकायला सुरुवात करायची तर एकदम तीन हजारच्या बुलेट डावांनी करू नका, काही दिसतच नाही. स्पीडरनमधला हजार-बाराशे रेटिंगचा एखादा कॅरो-कानचा डाव लावा. तो चाल सांगायच्या आधी पॉज करा, स्वतःची चाल ठरवा आणि मग प्ले करा. तुमची चाल आणि त्याचं कारण कुठे जुळलं, कुठे फाटलं, ते मला कॉमेंटमध्ये कळवा. पुढच्या भागात लुसेना पोझिशन घेऊ, पट समोर ठेवून बसा.