किल्ली कुणाच्या हाती?

(संघटनेच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पार्किन्सन म्हटले की थरथरणारे हात आठवतात. पण आजार तेवढाच नाही. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठरते. कधी दारात, कधी गर्दीत पाऊल जमिनीला खिळून बसते. मला हा आजार होऊन सात वर्षे झाली.

निदान झाले त्याच आठवड्यात घरच्यांनी माझ्या स्कूटरची किल्ली उचलून ठेवली. काळजीपोटीच ठेवली, पण मला कुणी विचारले नाही. हाच आजार माझ्या नवऱ्याला झाला असता, तर त्याची किल्ली अशी परस्पर गेली असती का?

काहीही होवो, गाडी चालवतच राहा, असे मी म्हणत नाही. रस्त्यावर दुसऱ्यांचेही जीव असतात. ब्रेक दाबायला उशीर होतो का, मान वळवून मागे पाहता येते का, गोळीचा असर उतरला की काय होते, हे तपासायलाच हवे. प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल या औषधांनी अचानक झोप लागू शकते. हे सारे डॉक्टरांना आपण स्वतः विचारायचे. मी विचारले, तपासून घेतले आणि किल्ली परत मागितली. पुढे दोन वर्षे दिवसाउजेडी जवळपास स्कूटर चालवली. वळणावर तोल जाऊ लागला तेव्हा मीच थांबले. आपण थांबणे वेगळे आणि दुसऱ्याने थांबवणे वेगळे.

पण स्कूटर सुटली म्हणून घराबाहेर पडणे का सुटावे? मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धे तिकीट आहे. चांगलेच झाले. पण बसची पायरी उंच असेल तर अर्ध्या तिकिटाने चढता येत नाही. मागून कुणी "चला, चला" केले की पाय जास्तच अडतो. मी आता मोठ्याने सांगते, "मला पार्किन्सन आहे, जरा वेळ लागेल." मग मनात एक-दोन, एक-दोन मोजते आणि पाऊल उचलते. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवते, प्रवासातही त्यांची वेळ चुकवत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला आपण लाजतो. या आजारात लघवीची घाई होते. स्टँडवरचा संडास धड नसतो, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. त्याने बद्धकोष्ठ वाढते, उठताना चक्कर येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचे नाव आहे. बसस्थानकावरचे संडास आणि तिकीट खिडक्या दिव्यांगांना वापरता येतील अशा असाव्यात, हेही त्यात आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावचा स्टँड पाहून या. पायरी केवढी, बाकडे आहे का, संडासाला कडी आहे का, ते लिहून आणा. त्यावरून आपण अर्ज करू.